इस्त्रीच्या टेबलावर एकसष्ट नंबर

११ ऑगस्ट, सोमवार. प्रेशर १४६.
क्लिनिकमधल्या नर्सने ही वही दिली. म्हणे, रोज प्रेशर मोजा, लिहा, आणि वाढलं तर कशाने वाढलं तेही लिहा. पोरगी पंचवीसची असेल. मला विचारते, लिहिता येतं ना? आठवीपर्यंत शाळेत गेले आहे, मग मोज्यांच्या गिरणीत. येतं लिहिता. तिला दाखवायला वेगळी वही करीन. ही माझी.
आज कशाने वाढलं: मिस्टर कॉयच्या फोनने. गावचा मातीचा ट्रॅक त्यांचा. दर शनिवारी तिथे गाड्यांच्या शर्यती होतात. म्हणाले, वर्लीन, एकसष्ट नंबर यंदा एकदाही धावलेला नाही, नियम तुला सांगायला नको. नियम असा की सीझनच्या शेवटच्या शर्यतीआधी निदान एकदा तरी त्या नंबरच्या गाडीने हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे शर्यत जोरात चालू असताना, एक पूर्ण फेरी मारली पाहिजे. नाही मारली तर नंबर सुटला. तो मागणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव ज्याचं, त्याला मिळणार.
एकसष्ट माझ्या डॅडींचा नंबर. डॅडी बावीस वर्षं धावले, त्यांच्यामागून माझा नवरा हार्लन एकोणीस वर्षं. एप्रिलमध्ये हार्लनच्या पाठीचं ऑपरेशन झालं. आता तो आरामखुर्चीत बसून रिमोट चालवतो.
मग कोण धावणार? मी. २० सप्टेंबरला बायकांची शर्यत आहे, दहा फेऱ्यांची. मला एकच पुरे.
हार्लनला सांगितलं. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. म्हणाला, अगं, तू चर्चच्या आवारात व्हॅन लावायला लागलीस की लोक प्रार्थना सोडून आपापल्या गाड्या हलवायला धावतात.
प्रेशर परत मोजलं. लिहीत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार. प्रेशर १४०.
नडीनचा फोन. माझी धाकटी बहीण. टायरच्या दुकानात काम करते आणि दरवर्षी कुणाची तरी उसनी गाडी घेऊन बायकांच्या शर्यतीत धावते. तिला बातमी आधीच लागली होती. म्हणाली, ताई, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस? त्या दिवशी एकसष्ट मी चालवते. एक काय, दहा फेऱ्या मारते. नंबर तुझ्याच घरात राहील.
मी म्हटलं, भीक नको.
ती म्हणाली, भीक कसली गं? माझेही डॅडीच होते ना ते?
फोन ठेवला. होते, कोण नाही म्हणतंय. लहानपणी डॅडी तिला गॅरेजात न्यायचे आणि मला ट्रॅकवरच्या सँडविचच्या खिडकीत उभं करायचे. कारण उघड आहे. तिला शिकवावं लागायचं. माझ्या रक्तातच होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार. प्रेशर १३८.
जुन्या बाजारात स्टिअरिंग मिळालं. टीव्हीवरच्या गाड्यांच्या गेमचं. खाली दोन पेडल, मागे भाराभर वायरी. विकणारा म्हणाला, मोठमोठे रेसर घरी यावरच सराव करतात. म्हणजे मी बरोबर रस्त्यावर आहे. गेमचा डबा घरात आहेच, ऑपरेशननंतर हार्लनचं मन रमावं म्हणून घेतला होता. त्याचं मन मासेमारीच्या कार्यक्रमात रमलं.
पाच आठवडे. रोज एक तास. शर्यत येईपर्यंत हात बसलेला असेल.

१७ ऑगस्ट, रविवार. मोजलं नाही.
स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला बसत नाही. टेबलाची फळी जाड, शिकंजा छोटा. खुर्चीला बसत नाही. हार्लनच्या खुर्चीच्या हाताला बसतं, पण हार्लन उठत नाही. शेवटी इस्त्रीच्या टेबलाला बसलं. जणू त्यासाठीच केलं होतं.
चालू केलं तर ते आपोआप गरगरा फिरलं, डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आणि माझा अंगठा मध्ये सापडला. हार्लन म्हणाला, ते आधी स्वतःला तपासून घेतं. मी म्हटलं, मग तुझ्यापेक्षा शहाणं आहे.
पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला तर पेडल फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेले. मी ते गाठायला पुढे झाले. इस्त्रीचं टेबल मिटलं. स्टिअरिंगसकट.

१९ ऑगस्ट, मंगळवार. प्रेशर १३५. मशीनने १५१ दाखवलं, पण तेव्हा मी चिडलेली होते, ते धरायचं नाही.
पेडलांमागे पिंटो बीन्सचं पंचवीस पौंडांचं पोतं लावलं. टेबलाच्या पायाला दोरी बांधली. आता हलत नाही.
गाडी मात्र गोल फिरते. ट्रॅक मातीचा, डावीकडे वळायचं, मी डावीकडे वळवते, तर शेपूट पुढे येते आणि मी आल्या वाटेकडे तोंड करून उभी. चौदा वेळा.
हार्लन म्हणाला, शेपूट सुटली की स्टिअरिंग उजवीकडे द्यायचं. मी म्हटलं, डावीकडे जायला उजवीकडे? चाळीस वर्षं ट्रॅकवर येतेय, मला वेडी समजतोस का? तो म्हणाला, चाळीस वर्षं तू सँडविच करत होतीस, वर्लीन.
रात्रीच्या जेवणाला त्याला सँडविच दिलं. कोरडं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. प्रेशर १३६.
उजवीकडे देऊन पाहिलं. जमतं. हे मी स्वतःच शोधून काढलं.
आणखी एक. कुणी आपटलं की पिवळा झेंडा पडतो, सगळ्यांनी हळू होऊन रांगेत चालायचं, आणि गेममध्ये पिवळ्यात गाडी आपोआप चालते. आपली आपण रांगेत लागते, स्टिअरिंगही हातातल्या हातात वळतं. ही खरी शहाणपणाची सोय. तेवढ्यात मी हात सोडून चहाचे दोन घोट घेतले. गोड चहाचा ग्लास आता टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवते, इस्त्री ठेवायच्या जाळीवर. भरपूर बर्फ घालून.
हार्लनला म्हटलं, पिवळ्यात बरं असतं, कुणालाच काही करावं लागत नाही. तो हसला. मला वाटलं, मी काहीतरी चांगलं बोलले.

२७ ऑगस्ट, बुधवार. प्रेशर १३९. मशीन जुनं झालंय.
चर्चमध्ये बुधवारचं जेवण. नडीन माझ्याच टेबलावर. हातातलं मक्याच्या पावाचं ताट माझ्याकडे सरकवत म्हणाली, ताई, ऐकलं ते खरं? इस्त्रीच्या टेबलावर शर्यत शिकतेयस? सगळं टेबल हसलं. मी म्हटलं, तुझ्यासारखी लोकांच्या गाड्या मागत तर फिरत नाही. ती म्हणाली, मागते, पण परत देताना धुऊन देते. तू हार्लनला काय परत देशील, पत्रा?
मग हळूच म्हणाली, अजून वेळ गेली नाहीये. मला चालवू दे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, बरं, मग एक सांगते. एकसष्टच्या यादीत मी नाव घातलंय. पहिलं. दुसऱ्या कुणी परक्याने उचलण्याआधी.
म्हणजे गिधाड झाडावर बसलंच. सख्खी बहीण! बीन्स तसेच टाकून घरी आले.

२ सप्टेंबर, मंगळवार. प्रेशर १३८.
गेममध्ये सामनेवाल्या गाड्या किती हुशार असाव्यात ते ठरवता येतं. मी सर्वांत खालचं ठेवलं, ‘शिकाऊ’. वरच्या गाड्या फार उद्धट आहेत, मध्ये घुसतात. बायकांच्या शर्यतीत इतकं कोणी घुसत नाही.
आज तिसरी आले.
ब्रेक परत सरकायला लागला. लक्षात आलं की पोत्यातले बीन्स आपण रोज खातोय. हार्लनला सांगितलं, २० तारखेपर्यंत बीन्स बंद. तो म्हणाला, देव तुझं भलं करो, ही शर्यत आधी का नाही आली?

६ सप्टेंबर, शनिवार. प्रेशर १३४.
पहिली आले! हार्लन बघत होता. म्हणाला, तू वळत नाहीस, तू बाजूच्या गाडीला टेकतेस आणि तीच तुला वळवते. मी म्हटलं, पत्रा चेपतो का? नाही ना? तो म्हणाला, कारण गेममध्ये तू पत्रा चेपणं बंद करून ठेवलंयस. मी म्हटलं, जिंकणं बंद केलेलं नाही.
पुरुषांना बायकोची प्रगती बघवत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. प्रेशर १३५.
वृद्धाश्रमाच्या धुलाईत काम करते, तिथे चादरींची मोठी ढकलगाडी असते. आता कोपऱ्यावर ती रुंद नेते आणि आत सोडते. शेपूट अगदी बरोबर सुटते. आज एक आजोबा वॉकर घेऊन भिंतीला चिकटून उभे राहिले. म्हणाले, पोरी, मागे आग लागलीय का? सुपरवायझरने बोलावून घेतलं. म्हणाली, व्हर्लीन, की वर्लीन, जे काही असेल, हळू. दोन वर्षं झाली, नाव येत नाही हिला.
पिवळ्या झेंड्याचा हात तर इतका बसलाय की बघावंही लागत नाही. कोपऱ्यात पिवळं चमकलं की डावा हात थेट ग्लासावर. एक थेंब सांडत नाही. याला म्हणतात सराव.

१८ सप्टेंबर, गुरुवार. प्रेशर मोजायला वेळ नाही.
आज ट्रॅकवर खऱ्या गाडीत सराव. शेजाऱ्याच्या ट्रेलरवर एकसष्ट नेली. पुढचं सगळं इथे लिहिते म्हणजे डोक्यातून जाईल.
गाडीला दार नाही, वेल्डिंग केलेलं. खिडकीतून आत शिरायचं. हे काय मला माहीत नव्हतं? बघितलंय हजारदा. पण हार्लन बारीक आहे. मी कमरेपर्यंत आत गेले आणि तिथेच राहिले. शेवटी हार्लन माझा बाहेर राहिलेला पाय ढकलतोय, त्याला वाकायला बंदी, म्हणून काठीने. मिस्टर कॉय टोपी काढून दुसरीकडे बघत होते. सभ्य माणूस.
एक गोष्ट मात्र पटली. खऱ्या गाडीचंही स्टिअरिंग काढता येतं, आत बसल्यावर परत बसवायचं. म्हणजे माझं इस्त्रीच्या टेबलावरचं अगदी अस्सल होतं. हार्लनला हे म्हणाले. त्याने काठीने टायर ठोकून पाहिला.
सीट हार्लनच्या मापाची. खाली गोधडी घेतली तेव्हा बॉनेटच्या पलीकडचं दिसलं. तीनदा गाडी बंद पडली. गेममध्ये क्लच नाही, ही गेम करणाऱ्यांची चूक. मग निघाले. दोन फेऱ्या मारल्या, दुसरीत शेपूट सुटली, मी उजवीकडे दिलं आणि गाडी सरळ झाली! आपोआप नाही, मी केली. हार्लनने काठी वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते हेल्मेटमधून नीट दिसलं नाही, पण त्याने काठी वर केली होती.
तिसरी फेरी मारायची होती, पण टँकरवाला ट्रॅकवर पाणी मारायला आला. गरजही नव्हती.
पिवळ्याचा सराव राहिला असं हार्लन म्हणत होता. मी म्हटलं, तोच तर माझा सर्वांत पक्का आहे.

२० सप्टेंबर, शनिवार, सकाळ. प्रेशर १३०. खरोखर १३०.
डॅडींच्या फोटोला म्हटलं, एकच फेरी. मग नंबर आपला.
हार्लनने हातमोजे काढून दिले. त्याचे स्वतःचे. म्हणाला, वर्लीन, जिंकायचं नाही, कुणाला टेकायचं नाही, फक्त एक फेरी पुरी करून ये. मी म्हटलं, दहा करून येते.

२१ सप्टेंबर, रविवार.
चर्चला गेले नाही.
जे झालं ते असं. अकरा गाड्या होत्या. मी सहावी. नडीन दुसरी, आठ नंबरची उसनी गाडी. हिरवा पडला. मी दाबलं. पहिलं वळण, शेपूट सुटली, उजवीकडे दिलं, सरळ झाली. दुसरं वळण, तसंच. कोणाला टेकले नाही. पलीकडच्या सरळ रस्त्यावर एकीला मागे टाकलं. पाचवी! अर्धी फेरी झाली होती. आणखी अर्धी, की संपलं.
तेवढ्यात पुढे कोणीतरी गरकन फिरलं आणि पिवळा पडला.
मी दोन्ही हात सोडले.
डावा हात ग्लासाकडे गेला. ग्लास नव्हता. मी मान वळवून पाहिलं, जाळी कुठे गेली? जाळीही नव्हती. तोवर मिस्टर कॉयचा आवाज भोंग्यातून सगळ्या मैदानभर: एकसष्ट! एकसष्ट, रांगेत ये! वर्लीन! स्टिअरिंग धर, बाई! स्टिअरिंग!
तिसऱ्या वळणाला बाहेरून भिंत नाही. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, सरळ गेली. उतारावरून खाली. तिथे पाण्याचा टँकर उभा होता. टँकरचा मागचा नळ तुटला. सगळं पाणी त्या वळणावर वाहत आलं आणि पुढच्या सगळ्या शर्यती दीड तास थांबल्या. नडीन नंतर जिंकली म्हणे. मी बघितली नाही, मी खिडकीत अडकले होते.
मला लागलं नाही. कोणालाच लागलं नाही. गाडीचं नाक टँकरखाली गेलं.
कारणं अनेक आहेत. हेल्मेट सैल होतं. गोधडी सरकली. ऊन डोळ्यांवर होतं. टँकर तिथे उभा करायची काय गरज होती? आणि एवढी इंजिनवाली गाडी, पिवळ्यात स्वतःची स्वतः रांगेत जात नाही, तर कसली गाडी?
मिस्टर कॉय टोपी हातात घेऊन आले. म्हणाले, वर्लीन, अर्धी झाली. नियमात अर्धी धरता आली असती तर मी धरली असती. तुझ्या डॅडींसाठी धरली असती.
नडीन चिखलातून पळत आली होती. तिचं हेल्मेट डोक्यावरच. लागलं का विचारलं, दोनदा. मग म्हणाली, ताई, सगळं इतकं छान चालवत होतीस. हात का सोडलेस?
मी म्हटलं, ब्रेकने दगा दिला.
ती म्हणाली, ब्रेकचा आणि हातांचा काय संबंध?
घरी येताना गाडीत हार्लनने एकच विचारलं, खाली काय शोधत होतीस? मी म्हटलं, आरसा. घरी आलो. इस्त्रीच्या टेबलावर जाळीवर कालचा ग्लास तसाच होता, तळाशी चहा. हार्लन ग्लासाकडे बघत राहिला. मग उचलला, मोरीत विसळला आणि पालथा घातला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर, बुधवार. प्रेशर १५६.
नंबर नडीनच्या नावावर गेला. तिनेच येऊन सांगितलं, फोनवर नाही. दारातच उभी राहिली. म्हणाली, ताई, एकसष्ट काही गावाबाहेर गेला नाही. मी म्हटलं, माहीत आहे कुठे गेला. ती म्हणाली, शनिवारी सीझनची शेवटची शर्यत आहे, मोठ्या गाड्यांची. हार्लनच्याच गाडीने धावीन म्हणते, तिचं नाक सरळ करायला तो येईल का विचारत होते, वाकायचं मी बघते, त्याने फक्त सांगायचं.
मी नाही म्हणणार होते. हार्लन आतून काठी घेऊन निघालाही होता. एप्रिलपासून त्याला इतकं भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

२७ सप्टेंबर, शनिवार. प्रेशर १५२.
मी जाणार नव्हते. मिस्टर कॉयचा फोन आला, सँडविचच्या खिडकीतली बाई आजारी आहे, येशील का? मी म्हटलं, नाही. मग गेले.
खिडकीतून तिसरं वळण चांगलं दिसतं. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.
एकसष्ट धावली. गाडीवर आकडा नव्याने रंगवताना नडीनने सहाची शेपटी डॅडी काढायचे तशीच लांब काढली होती. मला वाटलं होतं ते फक्त मलाच आठवतं. तीस फेऱ्या. चारदा पिवळा पडला. चारही वेळा मी बघत होते. पिवळ्यात नडीन काहीच करत नाही असं दुरून वाटतं, पण तिचं स्टिअरिंग सारखं हलत असतं. थोडं इकडे, थोडं तिकडे. टायरला लागलेला चिखल झटकते म्हणे. एकदाही हात निघाला नाही.
चौथी आली. मिस्टर कॉय भोंग्यातून म्हणाले, एकसष्ट परत आली, लोकहो. लोक उभे राहिले. माझ्या तव्यावरचे सँडविचमधल्या बलोनी सॉसेजचे दोन काप करपले. खिडकीपुढचा माणूस म्हणाला, बाई, माझं सँडविच? मी म्हटलं, थांब जरा, दिसत नाही का, आमची गाडी येतेय?

२८ सप्टेंबर, रविवार. प्रेशर १६४. मशीनने दाखवलं तेच.
हार्लन नडीनच्या गॅरेजात. घरात मी एकटी. बीन्स शिजत घातले, पोतं आता रिकामं झालं तरी चालेल.
इस्त्रीचे कपडे साठलेत. स्टिअरिंग काढून ठेवणार होते. शिकंजा सैल करायच्या आधी म्हटलं, एकच शर्यत. यात खोट कुठे होती ते बघू. चहा केला, बर्फ घातला, जाळीवर ठेवला. सामनेवाले ‘शिकाऊ’.
तिसऱ्या फेरीला पिवळा पडला.
गाडी आपोआप रांगेत लागली, नेहमीसारखी. स्टिअरिंग हातातल्या हातात स्वतःच वळत होतं. कोणी भोंग्यातून ओरडत नव्हतं. मी बरोबर होते, यात पिवळ्याला खरोखरच काही करावं लागत नाही.
तरी हात सुटेनात. दोन्ही हातांनी गच्च धरून बसले, हार्लनचे हातमोजे नव्हते म्हणून तळवे ओले झाले. हिरवा पडला तेव्हा ग्लासातला बर्फ सगळा वितळला होता.